६०९ आणि ११०: मुलाखतीच्या खोलीचा इतिहास आणि आपली तयारी

प्रजासत्ताक भारताच्या पहिल्या वर्षी, १९५० साली, भारतीय प्रशासकीय सेवेसाठी जी परीक्षा झाली तिच्यात एन. कृष्णन पहिले आले. लेखी परीक्षेत त्यांना १०५० पैकी ६०२ गुण होते आणि मुलाखतीत ३०० पैकी २६०. एकूण ८६२. याच परीक्षेतून अच्युतानंद दास हे अनुसूचित जातीतले पहिले आयएएस अधिकारी झाले. त्यांचे लेखी गुण ६०९. म्हणजे पहिल्या आलेल्या उमेदवारापेक्षा सात जास्त. मुलाखतीत त्यांना मिळाले ११०. एकूण ७१९, आणि नाव गेले यादीच्या तळाला. दासांच्या वर नाव असलेल्या एका उमेदवाराला लेखी परीक्षेत ४९४ गुण होते, दासांपेक्षा ११५ कमी. त्याला मुलाखतीत २६५ मिळाले आणि एकूण बेरजेत तो दासांच्या ४० गुण पुढे गेला.

मित्रांनो, हे आकडे एकदा वहीत उतरवून घ्या. आरक्षणाचा विषय निघाला की ज्यांच्या तोंडी 'मेरिट' शिवाय दुसरा शब्द नसतो, त्यांच्यापुढे आम्ही नेहमी हीच बेरीज मांडतो. दासांना कृष्णन यांच्याइतकेच २६० गुण दिले असते तर त्यांची बेरीज ८६९ झाली असती, आणि प्रजासत्ताक भारताच्या पहिल्या वर्षीच्या आयएएस परीक्षेत अनुसूचित जातीचा एक तरुण कृष्णन यांच्या पुढे असता. तसे झाले असते तर पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतली मेरिटची सगळी भाषणे कशी झाली असती, याचा विचार करून पाहा.

यावर ठरलेले उत्तर येते, "दास बोलण्यात कमी पडले असतील." असेल. पण ही शंका फक्त एकाच बाजूला का जाते? कृष्णन यांची लेखी टक्केवारी ५७ आणि मुलाखतीची ८७. दासांची लेखी ५८ आणि मुलाखतीची ३७. लेखी पेपर अनेक विषयांचे, तपासणारे वेगवेगळे, आणि त्यांच्यापैकी कोणालाही उमेदवाराचा चेहरा दिसत नव्हता. मुलाखत एका खोलीत, थोड्या वेळात, समोरासमोर. जिथे चेहरा दिसला नाही तिथे दास पुढे होते. जिथे चेहरा, आडनाव, बोलण्याची ढब आणि अंगावरचे कपडे दिसले तिथे ते दीडशे गुणांनी मागे पडले. लेखी पेपर निदान काही काळ कपाटात राहतो. मुलाखतीतले वाक्य बोलून झाले की हवेत विरते आणि मागे फक्त एक आकडा उरतो.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत आतापर्यंत मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० गुणांची होती. २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आली: लेखी १७५०, मुलाखत २७५. म्हणजे एकूण गुणांत मुलाखतीचा वाटा ११.१ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. पुण्यात नव्या पद्धतीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर बसले ते मुख्यतः वर्णनात्मक पेपरसाठी आणि तयारीला वेळ मिळावा म्हणून. मुलाखतीच्या वाढलेल्या वाट्याबद्दल आमच्या कानावर फारसे काही आले नाही. आपल्या मुलांनी यावर बोलायला हवे होते. आणि बोलण्याबरोबर तयारीही करायला हवी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असे आपल्याच चळवळीत काही जण समजतात, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे.

आधी ही खोली आली कुठून ते पाहू.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातली सनदी नोकरी म्हणजे कंपनीच्या डायरेक्टरांच्या पुतण्या-भाच्यांची सोय होती. डायरेक्टरने नाव सुचवायचे आणि पोराने बोटीत बसायचे. १८५३ च्या सनदी कायद्याने हा वशिला बंद केला, १८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीने खुल्या स्पर्धेची रचना आखली आणि १८५५ पासून लंडनमध्ये परीक्षा सुरू झाली. लेखी स्पर्धा परीक्षेचा जन्मच मुळी वशिल्याच्या विरोधात झाला, हे ध्यानात ठेवा. अर्थात ती आपल्यासाठी नव्हती. लंडनला जाण्याचे भाडे, लॅटिन, ग्रीक! सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये निवडले गेले ते पहिले हिंदी. टागोरांच्या घराला ते परवडणारे होते.

मेंदूची परीक्षा देऊनही अंगाची परीक्षा उरत असे. घोड्यावर बसून दाखवावे लागे. अरविंद घोष लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत, म्हणून त्यांची सनदी नोकरी गेली. त्यांचे पुढे काय झाले? जेम्स कॉटन नावाच्या इंग्रज परिचिताने लंडनमध्येच त्यांची सयाजीराव गायकवाडांशी गाठ घालून दिली आणि महिना २०० रुपयांवर बडोदे संस्थानची नोकरी पक्की झाली. १८९३ मध्ये ते बडोद्यात रुजूही झाले. एका खोलीचे दार बंद झाले तेव्हा दुसरे दार उघडून देणारा माणूस त्यांच्या ओळखीत होता. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर या परीक्षेत ३०० गुणांची सर्वसाधारण तोंडी परीक्षा आली. तिच्यात ज्ञान तपासायचे नव्हते, त्यासाठी पेपर होतेच. तपासायची होती तरतरी, हजरजबाबीपणा, वागणे. ही सगळी मापे इंग्लंडमधल्या बड्या शाळा, कॉलेजांचे भोजनगृह आणि क्लबाच्या दिवाणखान्यात तयार झालेली. जो त्या टेबलावर लहानपणापासून जेवला तो तिथे मोकळा दिसणारच. १९२२ पासून परीक्षा अलाहाबादेतही होऊ लागली, १९२६ मध्ये लोकसेवा आयोग आला, १९५० मध्ये त्याचा संघ लोकसेवा आयोग झाला. टेबलाच्या पलीकडचे गोरे साहेब गेले, त्यांच्या खुर्च्यांवर काळे साहेब बसले, आणि ३०० गुण जागेवरच राहिले.

याच काळात आपली माणसे कुठे होती? दाराबाहेर, अर्ज लिहीत. महारांची सैन्यातली भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे अर्ज करत राहिले. ज्या पलटणींत बापजाद्यांनी हाडे झिजवली तिथे पोराला शिपाई म्हणून घ्या, एवढी साधी मागणी मान्य करून घ्यायला पिढ्या गेल्या. तिथे मुलाखत नव्हती. जातीचे नाव विचारले की निकाल लागत होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ ला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८ १/३ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. जून १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. सात वर्षांत, १९५० मध्ये, अच्युतानंद दास १०५० पैकी ६०९ गुण घेऊन उभे राहिले. संधी दिल्यावर लायक माणसे मिळणार नाहीत म्हणणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर होते. बाबासाहेबांनी दार उघडून दिले, पण दाराच्या आत आणखी एक खोली होती.

बाबासाहेबांनी स्वतः अशी खोली पाहिली होती. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेला भीमराव इंटरपर्यंत पोहोचला आणि सुभेदार रामजींची ऐपत संपली. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, तरुणाने उत्तरे दिली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती ठरली. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत नेहमी सांगतो, पण तिच्यातला एक भाग निसटतो. भीमराव हुशार होता म्हणून तो महाराजांसमोर उभा राहिला हे खरेच. पण चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या त्या मुलाची वर्षानुवर्षे चौकशी करणारा, त्याला पुस्तके देणारा, आणि वेळ आली तेव्हा हात धरून राजवाड्यापर्यंत नेणारा एक शिक्षक त्याच्यामागे होता. प्रश्नांची उत्तरे भीमरावाची, पण खोलीपर्यंतची वाट केळूसकरांनी दाखवली. आणि निवड झाल्यावर सगळे सुरळीत होते असेही नाही. कोलंबियाची पदवी घेऊन १९१७ मध्ये तेच बडोद्यात अधिकारी म्हणून गेले तेव्हा शिपाई फायली लांबून फेकत होते आणि राहायला घर मिळाले नाही. तेही आपण विसरत नाही.

के. आर. नारायणन यांच्या आयुष्यात दोन्ही प्रकारच्या खोल्या आल्या. त्रावणकोर विद्यापीठात इंग्रजीत पहिल्या वर्गात पहिले आलेल्या या दलित तरुणाने अध्यापकाची जागा मागितली तर संस्थानने कारकुनी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्कींचे विद्यार्थी म्हणून शिकून ते परतले. लास्कींनी नेहरूंच्या नावाने ओळखपत्र दिले होते. नारायणन नेहरूंना भेटले, बोलणे झाले, आणि ते पत्र त्यांनी निघताना दिले. व्हरांड्यात अर्ध्यावर पोहोचतात तो मागून टाळीचा आवाज आला. नेहरूंनी पत्र वाचून त्यांना परत बोलावले होते, आणि हे आधी का दिले नाही असे विचारले. आणखी काही प्रश्न झाले आणि १९४९ मध्ये नारायणन परराष्ट्र सेवेत आले. ही हकिकत नारायणन यांनीच सांगितलेली आहे आणि लोक ती नेहरूंच्या मोठेपणासाठी सांगतात. आम्हाला तिच्यात त्या तरुणाचा संकोच दिसतो. खिशात लास्कींचे पत्र असताना तो ते शेवटपर्यंत काढत नाही. आपल्या किती मुलांच्या खिशात असे काहीतरी असते आणि ती ते काढत नाहीत!

कॉटन, केळूसकर, लास्की. अच्युतानंद दासांकडे होती फक्त उत्तरपत्रिका.

न्यायालयांनाही ही खोली वेळोवेळी खटकली आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी १०० आणि तोंडी ५० गुण होते. उमेदवारामागे दोन-तीन मिनिटे, आणि प्रश्न आईवडिलांचे नाव-गाव विचारण्यापुरते, अशी तक्रार होती. अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये सांगितले की तोंडी परीक्षेला एक तृतीयांश गुण देणे हा मनमानी कारभार आहे आणि अशा प्रवेशात १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. त्याच निकालात मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, अशी सूचना आहे. चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रक आहे, वर्गावर्गात कॅमेरा आहे, आणि निवड मंडळाच्या खोलीत मात्र यंत्र बसत नाही!

मग १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटला. हरियाणा लोकसेवा आयोगाने ६१ जागांसाठी तेराशेच्या वर उमेदवार मुलाखतीला बोलावले होते. सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचा वाटा २२.२ टक्के होता. न्यायालयाने तो अवाजवी ठरवला आणि त्या वेळच्या संघ लोकसेवा आयोगाच्या प्रमाणाइतका, म्हणजे १२.२ टक्के, असावा असे सांगितले. आता पुन्हा दासांकडे या. १०५० अधिक ३००, एकूण १३५०. त्यात ३०० चा वाटा किती? बरोबर २२.२ टक्के. जे माप १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जास्त वाटले, त्याच मापाने १९५० मध्ये दासांना मोजले गेले होते. आणि आज दिल्लीत आणि मुंबईत २०२५ पैकी २७५ म्हणजे १३.६ टक्के आहेत. १२.२ च्या वर. लीला धर खटल्यासारखा निकाल दाखवून कोणी म्हणेल की प्रौढ उमेदवारांच्या निवडीत मुलाखतीला जास्त वजन चालते. ठीक आहे, युक्तिवाद होऊ द्या. पण तो उघड होऊ द्या.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' अराजपत्रित आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण त्यात वशिला आणि पैसा चालतो, हे सरकारनेच जाहीरपणे मान्य केले होते. मग वरच्या पदांच्या खोल्यांत वशिला बूट काढून बाहेर थांबतो का?

खासगी क्षेत्रात तर खोलीपर्यंत पोहोचण्याआधीच चाळण लागते. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांच्या २००७ मधल्या अभ्यासात एकाच लायकीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लीम नावाची त्याहूनही कमी. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. आम्ही जात मानत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असे सगळे म्हणाले. आणि मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे त्यांना अगदी आवश्यक वाटत होते! वडील काय करतात, कुठे वाढलात, भावंडे काय करतात. जात न विचारता जात काढण्याचा हा राजमार्ग आहे. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीसमोरही अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी तोंडी परीक्षेत सरळ किंवा आडून जात विचारली जाते असे सांगितले होते.

हे सगळे वाचून एखादा तरुण म्हणेल, मग तयारी कशाला करायची, सगळे आधीच ठरलेले आहे. आपल्यातले काही भाषणबाजही हेच सांगतात आणि टाळ्या घेतात. आमचा त्याला ठाम विरोध आहे. दासांनी ११० गुण घेऊनही सेवेत प्रवेश केला, कारण त्यांच्या हातात ६०९ होते. व्यवस्था अन्यायी आहे हे समजून घेणे वेगळे आणि त्या समजुतीची उशी करून झोपणे वेगळे. दुसऱ्या टोकाला 'व्यक्तिमत्त्व विकास'वाले आहेत. हजारो रुपये घेऊन ते पोराला शिकवतात की टाय असा बांध, गावचे नाव पुटपुटून सांग, आडनावाऐवजी वडिलांचे नाव लाव. आडनाव बदलणाऱ्या मुलांना आम्ही दोष देत नाही. पोट सर्वांना आहे. पण जो मुलगा खोलीत शिरण्याआधी स्वतःला अर्धा पुसून टाकतो, त्याच्याकडे बोलायला उरते काय?

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी सराव मुलाखती होतात. दोन निवृत्त अधिकारी, एक प्राध्यापिका आणि आम्ही कार्यकर्ते टेबलामागे बसतो. मागच्या वर्षी एक मुलगा आला. पेपर उत्तम गेलेले, पण वडिलांबद्दल विचारले की आवाज खाली जायचा. "महानगरपालिकेत आहेत." कोणत्या खात्यात? "आरोग्य." काय काम? गप्प. वडील सफाई कामगार. प्राध्यापिकाबाईंनी प्रश्न बदलला. "बाळा, वडील किती वाजता निघतात?" मग तो बोलू लागला. पहाटेची हजेरी चौकी, मुकादम, एका बीटवर किती माणसे लागतात आणि प्रत्यक्षात किती असतात, घंटागाडी कुठल्या गल्लीत शिरत नाही आणि का, ओला-सुका कचरा लोक वेगळा देतात पण पुढे एकाच डंपरमध्ये कसा जातो, कंत्राटी कामगाराला हातमोजे का मिळत नाहीत. वीस मिनिटे. आमच्यातले निवृत्त अधिकारी नंतर म्हणाले, "मी शहराचा कारभार पाहिलाय, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

नागरी प्रशासनाचे जे ज्ञान दुसरे उमेदवार पुस्तकातून पाठ करतात ते याच्या घरात रोज जेवायला बसत होते, आणि तो ते लपवत होता. लाज त्याला कोणी शिकवली? जाता जाता एक सांगतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती कष्टाने मिळवलेली हक्काची सवलत आहे, तिला धक्का लागता कामा नये. पण बघा, या देशात आपल्या माणसाला मुलाखतीशिवाय, व्यक्तिमत्त्व न तपासता, बापाच्या जागेवर सरळ घेतात ती नोकरी कोणती? झाडूची. तिथे कोणी तरतरी मोजत नाही.

तेव्हा तयारीची सुरुवात स्वतःच्या अर्जापासून करा. तुम्ही भरलेला सविस्तर अर्ज मंडळासमोर असतो आणि बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात: गाव, तालुका, शाळा, वडिलांचा व्यवसाय, छंद. लेखी गुण मंडळाला सांगितलेले नसतात, म्हणून तिथे नव्याने उभे राहावे लागते. गावच्या नदीवर धरण असेल तर त्याचे पाणी कोणाला मिळते ते माहीत असू द्या. वीटभट्टी, ऊसतोड, विडी, सूतगिरणी, जे काही घरात असेल त्याची मजुरी, कायदा, हंगाम, आजार सगळे नीट समजून घ्या. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहून सोडू नका. शेवटचे कोणते पुस्तक वाचले आणि त्यात काय पटले नाही, हे सांगता आले पाहिजे. जयंतीच्या समितीचा हिशेब ठेवला असेल, जलसा बसवला असेल, मोर्च्याला परवानगी काढली असेल, तर तेही काम आहे. ते लिहा.

मराठी माध्यमातून मुख्य परीक्षा दिली असेल तर दिल्लीतही मराठीत मुलाखत देता येते, दुभाषी असतो. इंग्रजी अडखळत बोलण्यापेक्षा मराठीत नेमके बोलणे कधीही बरे. फक्त वाक्ये छोटी ठेवा, कारण लांब वाक्याचा अर्धा अर्थ भाषांतरात गळतो. दुभाषी ठेवून निदान दोन-तीन सराव करा. आमच्याकडे ते काम एक कॉलेजातली मुलगी उत्तम करते. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, सर" एवढेच म्हणा आणि थांबा. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. त्यात कमीपणा नाही. आपली मुले गप्प बसली की ती घाबरली असे समजतात, आणि भराभरा बोलली की उद्धट. म्हणून बोलण्याचा वेग हा सरावाचा भाग आहे. मोबाइलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनाच कसेतरी होते.

आरक्षणावर प्रश्न येणारच. "तुम्ही शिकलात, आता तुमच्या मुलांना आरक्षण कशाला?" असा. तिथे भाषण करू नका आणि माफीही मागू नका. १९४३ चा हुकूम, कलम १६(४), प्रतिनिधित्व आणि गरिबी हटाव यांतला फरक, एवढे मुद्दे शांतपणे मांडता आले पाहिजेत. कोणी कार्यक्षमतेचा मुद्दा काढला तर दास आणि कृष्णन यांचे लेखी गुण सांगा, टीका न करता, नुसते आकडे. आमच्या एका मुलीने सरावात ते इतक्या थंडपणे सांगितले की टेबलामागचे आम्हीच काही क्षण गप्प झालो.

बोलण्याची सवय एका महिन्यात लागत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा तिथे विद्यार्थ्यांची संसदही चालू लागली. गिरणगावातून, कोकणातून आलेली मुले तिथे उभी राहून वाद घालायला शिकली. आज आपल्याकडे बार्टी आहे, तिचे प्रशिक्षण घ्या, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नसेल तर त्यासाठी भांडा. पण विहारातल्या सतरंजीवर आठवड्याला एक वाद झाला तर त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. नोकरीत असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचे आहे. जयंतीला प्रमुख पाहुणे म्हणून हार घालून घेता, ते घ्या. पण महिन्यातला एक रविवार केळूसकर व्हा. एका मुलाचा अर्ज वाचा, त्याला चार अवघड प्रश्न विचारा, मुंबईला निघताना स्टेशनवर सोडा.

आणि लढाई चालू ठेवा. मुलाखतीचा वाटा १२.२ टक्क्यांच्या वर नको. प्रत्येक मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, जसे सर्वोच्च न्यायालयानेच सुचवले आहे. मंडळात अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि स्त्रिया नावापुरत्या नकोत. निकालानंतर प्रत्येक मंडळाने लेखी आणि मुलाखतीचे प्रवर्गनिहाय सरासरी गुण जाहीर करावेत, म्हणजे कोणत्या खोलीत काय घडते ते दिसेल. हे निवेदन आम्ही आयोगाला पाठवत आहोत. सह्यांचा कागद विहारात ठेवला आहे.

त्या सफाई कामगाराच्या मुलाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. परवा तो वडिलांना घेऊन आला होता. वडिलांनी विचारले, "मी काय करायचं याच्यात?" प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही टेबलाच्या या बाजूला बसा आणि त्याला तुमच्या कामाबद्दल विचारा." ते बसले. पहिला प्रश्न त्यांनी हजेरी चौकीच्या गळक्या छपराचा विचारला.

येत्या रविवारी सहा वाजता सराव आहे. येताना अर्जाच्या दोन प्रती आणा.